दस्ता, कुंदा आणि मूठ : बंदुकीच्या एका अवयवाची कायदेशीर व्याख्या

बंदुकीचा जो भाग नेमबाज आपल्या खांद्याला टेकवितो त्यास मराठीत सामान्यतः दस्ता म्हणतात. या दस्त्याच्या निवडीत कायद्याची कोणती बंधने पाळावयाची, हा प्रश्न अमेरिकेत गेली तीस वर्षे फार बारकाईने चर्चिला गेला आहे. तेथे हौशी मनुष्य अर्धस्वयंचलित रायफलीचे सुटे भाग विकत घेऊन ती घरी जुळवू शकतो, आणि तिला कोणत्या आकाराचा दस्ता बसविला यावरून ती वैध की अवैध हे कित्येक राज्यांत ठरते. आपल्याकडे अशी जुळणी सामान्य नागरिकास मुळातच निषिद्ध आहे. तरीही हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकांपुढे ठेवण्यास दोन कारणे आहेत. एक असे की, दस्त्यासंबंधीचा हा सगळा वाद वस्तुतः व्याख्येचा, म्हणजेच शब्दार्थाचा, वाद आहे. दुसरे असे की, आपल्या शस्त्र अधिनियमातही दस्ता मागच्या दाराने शिरलेला आहे. आणि मावळातील ज्या घरांत शेताच्या राखणीची ठासणीची बंदूक आहे, किंवा माजघराच्या भिंतीवर पूर्वजांची तोड्याची बंदूक टांगलेली आहे, त्या घरांना त्या अधिनियमातील दोनतीन वाक्यांचा अर्थ नीट लागणे अगत्याचे आहे. तो चुकला तर होणारी शिक्षा व्याकरणाच्या पत्रिकेतील गुण कमी होण्याइतकी सौम्य नसते.

प्रथम शब्दांचा विचार करू. दस्ता हा शब्द फारसीतून आला. 'दस्त' म्हणजे हात, आणि 'दस्ता' म्हणजे हातात धरावयाचा भाग किंवा हातात मावेल तेवढा जिन्नस. प्राचीन फारसीतील 'दस्त', अवेस्तातील 'जस्त' आणि संस्कृतातील 'हस्त' ही एकाच मूळ शब्दाची तीन रूपे होत, हे येथील विद्यार्थ्यांस नव्याने सांगावयास नको. मराठीत या शब्दाचा अर्थविस्तार मोठा झाला. चोवीस ताव कागदांचा दस्ता, फुलांचा गुलदस्ता आणि बंदुकीचा दस्ता या तिहींत समान धागा आहे तो हाताच्या पकडीचा. कुंदा हा दुसरा शब्दही फारसीच, परंतु त्याची कल्पना अगदी निराळी आहे. फारसीत 'कुंदा' म्हणजे लाकडाचा ओंडका किंवा ठोकळा. तुर्कीत बंदुकीच्या याच अवयवाला 'कुंदाक' म्हणतात. आता इंग्रजीतील 'स्टॉक' हा शब्द पाहावा : जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ झाडाचे खोड, ओंडका असाच होता. म्हणजे एका परंपरेने या अवयवाकडे माणसाच्या हाताच्या बाजूने पाहिले, तर दुसरीने तो ज्या द्रव्याचा बनतो त्या लाकडाच्या बाजूने पाहिले. आज दस्ते लाकडाचे असतात तसेच ॲल्युमिनियमचे आणि प्लास्टिकचेही असतात. 'स्टॉक' या शब्दातील झाड केव्हाच विसरले गेले आहे. परंतु दस्त्यातील हात मात्र, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, कायद्याला पुन्हा शोधून काढावा लागला.

तिसरा शब्द 'बट'. हा इंग्रजीतून सरळ आला आणि लष्करात व पोलिसांत रुळला. पोलिसांच्या शस्त्रागारात, म्हणजे त्यांच्या भाषेत कोतात, प्रत्येक रायफलीस 'बट क्रमांक' असतो. शिपायाला आपली रायफल ओळखावयाची ती या क्रमांकाने. कायद्याच्या दृष्टीने शस्त्राची ओळख धातूवर ठोकलेल्या क्रमांकात आहे आणि लाकडावर रंगविलेला आकडा ही केवळ खात्याची सोय. परंतु बोलण्यात मात्र लाकडाचाच आकडा शस्त्राचे नाव होऊन बसला आहे.

चौथा शब्द मूठ. तरवारीची मूठ, पिस्तुलाची मूठ. येथे मराठीत एक गफलत नित्य आढळते. वृत्तपत्रांत 'पिस्तुलाच्या दस्त्याने डोक्यात प्रहार केला' असे आपण वाचतो. वास्तविक पिस्तुलाला खांद्यास टेकविण्याचा भाग नसतो. त्याला असते ती मूठच. सर्वसामान्य वाचकाचे या शैथिल्याने काही बिघडत नाही. परंतु ज्या कायद्यांत दस्ता आणि मूठ यांच्या भेदावरच गुन्हा अवलंबून आहे, त्यांच्या भाषांतराच्या वेळी हे शैथिल्य परवडणारे नाही.

या दोन कल्पना, हाताची आणि खांद्याची, मावळच्या भूमीवर समोरासमोरही आल्या होत्या. इ. स. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून खंडाळ्यावरून कार्ल्यास आली, तळेगावापर्यंत पोहोचली आणि ११ जानेवारीच्या रात्री माघार घेताना वडगावास कोंडली जाऊन तिला तह करावा लागला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. जड तोफा तिने निघताना तळेगावच्या तळ्यात ढकलून दिल्या होत्या. कंपनीच्या पलटणींच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या. त्यांचा दस्ता रुंद, खाली वळलेला, खांद्यात घट्ट बसणारा. मराठी फौजेत तोड्याच्या बंदुका मोठ्या संख्येने होत्या, आणि हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीचा दस्ता बहुधा सरळ, बारीक आणि छेदात पाच पैलूंचा असे. एक बंदूक खांद्याला टेकविण्यासाठी घडविलेली, तर दुसरी मुख्यतः हाताने धरण्यासाठी. लढाईचा निकाल दस्त्यांनी लावला असे कोणी म्हणणार नाही. तो रसदीने आणि वेढ्याने लावला. या मोहिमेत ४ जानेवारीस कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या तोंडी 'इष्टुर फाकडा' झाला. आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी 'इ'चा आगम, 'ट'च्या शेजारामुळे 'स'चा 'ष' आणि अंत्य व्यंजनाचा लोप हे तिन्ही विकार 'स्टोव्ह'चा 'इष्टो' करणाऱ्या मराठी माणसाच्या जिभेत अद्यापही जिवंत आहेत. विषयांतर झाले खरे, पण मावळासंबंधी लिहिताना इष्टुर फाकड्यास ओलांडून पुढे जाणे कठीण आहे.

आता कायद्याकडे वळू. आपला चालू शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याने १८७८ च्या ब्रिटिश अधिनियमाची जागा घेतली आणि १९६२ च्या ऑक्टोबरात तो अंमलात आला. त्याखालील नियम प्रथम १९६२ साली व नंतर नव्याने २०१६ साली झाले. अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात अग्निशस्त्राची व्याख्या आहे. स्फोटक द्रव्याच्या किंवा अन्य प्रकारच्या शक्तीच्या योगाने प्रक्षेप्य सोडण्यासाठी रचलेले अथवा त्या कामी योजलेले कोणतेही शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र, हा तिचा गाभा. परंतु त्यापुढे व्याख्येत आणखी काही पदार्थ समाविष्ट केले आहेत, आणि त्यांत अग्निशस्त्राचे भाग व अग्निशस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्री यांचा उल्लेख आहे. अर्थात, अग्निशस्त्राचा भाग हाही अग्निशस्त्र. अलंकारशास्त्रात ज्याला आपण अवयवाने अवयवीचा बोध म्हणतो, तो येथे अलंकार न राहता विधान झाला आहे. अक्षरशः वाचले तर सुताराने घडविलेला अक्रोडाचा दस्ता, त्याला नळी नाही, चाप नाही, घोडा नाही, तरीही अग्निशस्त्रच ठरावयाचा.

हा अतिव्याप्तीचा दोष अधिनियमकर्त्यांच्या ध्यानात होता. म्हणून पंचेचाळिसाव्या कलमात, जेथे अधिनियम कशास लागू नाही हे सांगितले आहे, तेथे शस्त्रांच्या गौण भागांना वगळले आहे. मात्र त्यास एक अट आहे : ते भाग, त्याच माणसाने किंवा दुसऱ्या कोणी मिळविलेल्या अथवा जवळ बाळगलेल्या पूरक भागांबरोबर वापरण्याचा उद्देश नसावा. ही अट नीट पाहण्याजोगी आहे. दस्ता 'गौण' आहे की नाही, याचे उत्तर पहिल्या विशेषणातून मिळते असे वाटते, पण खरा भार पडतो तो उद्देशावर. भिंतीवरील शोभेचा एकटा दस्ता निरुपद्रवी ठरेल. तोच दस्ता, शेजारच्या वाड्यात कोणाकडे नळी आहे आणि दोन्ही जोडावयाची आहेत अशा स्थितीत, निरुपद्रवी ठरणार नाही. म्हणजे त्या लाकडाचा कायदेशीर अर्थ लाकडात नसून त्याच्या सान्निध्यात आणि बाळगणाऱ्याच्या मनात आहे. वाक्यार्थ ठरविताना आकांक्षा, योग्यता आणि संनिधी यांचा विचार आपले मीमांसक करीत आले. येथे सुट्या भागांनाही परस्परांची आकांक्षा आहे आणि त्या आकांक्षेवर फौजदारी परिणाम अवलंबून आहेत.

याच कलमातील त्याच्या आधीचे वाक्य मावळातील जुन्या घरांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक घोटाळ्याचे. जुन्या बनावटीचे, पुरातन मूल्याचे अथवा नादुरुस्त शस्त्र अधिनियमातून वगळलेले आहे. त्यानंतर इंग्रजीत एक संबंधी उपवाक्य येते : 'जे दुरुस्तीने किंवा दुरुस्तीवाचूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नाही'. प्रश्न असा की, हे उपवाक्य तिन्ही विशेषणांना लागते की केवळ शेवटच्या, नादुरुस्त या विशेषणाला? इंग्रजीत उपवाक्य नामाच्या मागून येते, त्यामुळे ते कोठवर पोहोचते हे अनुक्त ठेवता येते. मराठीत ही सोय नाही. आपल्याकडे 'जे' आधी येते आणि 'ते' नंतर. आणि 'जे' कोठे ठेवावयाचे याचा निर्णय भाषांतरकारास घ्यावाच लागतो. दोन पर्याय असे होतील :

'जुन्या बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असे जे शस्त्र दुरुस्त करून अगर न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नाही ते.'

'जुन्या बनावटीचे किंवा पुरातन मूल्याचे शस्त्र, तसेच जे नादुरुस्त शस्त्र दुरुस्त करून अगर न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नाही ते.'

लोहगडाच्या किंवा तिकोन्याच्या पायथ्याशी एखाद्या घरात दीडशे वर्षांची तोड्याची बंदूक आहे, दस्ता कसरीने खाल्लेला आहे, परंतु नळी शाबूत आहे आणि नवा दस्ता बसविला तर ती उडेल, असे समजू. दुसऱ्या पर्यायाप्रमाणे तिचे पुरातनत्व तिला वाचविते. पहिल्याप्रमाणे ती वाचत नाही. कारण 'दुरुस्त करून' ती वापरता येते. आणि विचित्र गोष्ट अशी की, ज्या क्षणी घरातील मनुष्य कौतुकाने तिला नवा दस्ता बसवितो, त्या क्षणी तो तिची दुरुस्तीक्षमता स्वतःच सिद्ध करून ठेवतो. माझ्या मते व्यवहारात पहिला, कडक अर्थच गृहीत धरून वागावे, आणि अशी बंदूक घरात असल्यास परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा. हा अधिकारी कोण, याचे उत्तरही मावळ तालुक्यात एकच नाही. लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने तेथे जिल्हादंडाधिकारी. तळेगाव २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात गेल्याने तेथे पोलीस आयुक्त. एकाच तालुक्यातील दोन गावांना एका शब्दाचा अर्थ दोन कचेऱ्यांत विचारावा लागतो.

दुरुस्तीसंबंधी आणखी एक गोष्ट. अधिनियमाच्या पाचव्या कलमात ज्या कृत्यांस परवाना आवश्यक आहे त्यांत निर्मिती, विक्री, रूपांतर यांच्या जोडीला दुरुस्ती हा शब्द स्पष्टपणे आहे. म्हणून परवानाधारकाच्या बंदुकीचा मोडका दस्ता बदलण्याचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. गावातील सुतार कितीही कुशल असला तरी त्याच्या हातून ते करवून घेणे दोघांनाही अडचणीत आणू शकते. सहाव्या कलमाने नळी आखूड करण्यास बंदी आहे, आणि २०१९ च्या सुधारणेने अग्निशस्त्र एका वर्गातून दुसऱ्या वर्गात बदलणे हेही त्याच पंक्तीस बसविले. या अपराधांची शिक्षा आता किमान सात वर्षे, आणि कमाल आजन्म कारावास आहे. त्याच सुधारणेने एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली.

वर्गांचा हा उल्लेख आपल्याला मूळ प्रश्नाकडे नेतो. नियमांच्या परिशिष्टात शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत, आणि अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे, पिस्तुलांसारखे अपवाद सोडल्यास, पहिल्या म्हणजे निषिद्ध वर्गात आहेत. ही विभागणी कशावरून केली आहे? नळीची लांबी, नळीचा व्यास, तिच्या आतील खाचा, दारू भरण्याची रीत, आणि लष्करी काडतूस त्यात बसते की नाही, यांवरून. दस्त्याचा आकार कोठेही निकष म्हणून येत नाही. शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, संरक्षणासाठी वा शिकारीसाठी वीस इंचांहून आखूड नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक, आणि रायफल क्लबाच्या सभासदास नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट बावीसची रायफल असे जे परवान्याचे तीन प्रकार तेराव्या कलमात एकत्र येतात, त्यांतही भेद नळीचा आणि प्रयोजनाचा आहे. (राखणीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची मुभा नव्हे, त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वेगळी परवानगी लागते. हे दोन परवाने एकच समजण्याची चूक सर्रास होते.) तेव्हा लोणावळ्यातील एखाद्या हौशी गृहस्थाने 'अर्धस्वयंचलित रायफल जुळवावयाची आहे, कोणता दस्ता कायद्यात बसेल?' असे विचारले, तर उत्तर एका वाक्याचे आहे : कोणताही बसणार नाही, कारण अडचण दस्त्यात नसून त्या रायफलीच्या यंत्रणेत आहे.

'अर्धस्वयंचलित' हा शब्दही थोडा फसवा आहे. त्यातील 'अर्ध' निम्म्या वेगाचे किंवा निम्म्या धोक्याचे द्योतक नाही. रिकामे काडतूस बाहेर पडणे आणि नवे आत येणे ही क्रिया आपोआप होते. गोळी सुटण्यासाठी मात्र प्रत्येक वेळी चाप नव्याने ओढावा लागतो. म्हणजे भरणे स्वयंचलित, उडविणे हस्तचलित. अधिनियमाच्या निषिद्ध शस्त्राच्या व्याख्येत तर 'स्वयंचलित' हे विशेषण वापरलेलेच नाही. त्याऐवजी वर्तनाचे वर्णन आहे. चापावर दाब दिला असता, दाब काढून घेईपर्यंत अथवा गोळ्यांचा कप्पा रिकामा होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, असे जे अग्निशस्त्र ते निषिद्ध. मराठी 'चाप' हा शब्द 'चापणे', म्हणजे दाबणे, या क्रियापदाशी सहज जोडता येत असल्याने ही व्याख्या मराठीत इंग्रजीपेक्षाही सरळ वाचली जाते.

अमेरिकेत याच्या उलट स्थिती आहे. तेथे दस्ता हा वर्गीकरणाच्या केंद्रस्थानी आहे. १९३४ च्या संघीय अधिनियमाने रायफलीची व्याख्या करताना 'खांद्यावरून उडविण्याच्या उद्देशाने रचलेले' असे शब्द वापरले. म्हणजे तेथे शस्त्र रायफल ठरते ते दस्त्यामुळे. आखूड नळीच्या शस्त्राला दस्ता जोडला की ते कडक नियंत्रणाखालील निराळ्या वर्गात जाते. पुढे १९९४ ते २००४ या दहा वर्षांत अंमलात असलेल्या संघीय बंदीने, सुटा होणारा गोळ्यांचा कप्पा असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीस पाच लक्षणे लावली, आणि त्यांतील दोन आढळल्यास ती निषिद्ध ठरविली. त्या पाचांत घडीचा किंवा लांबआखूड होणारा दस्ता हे एक, आणि यंत्रणेच्या खाली 'ठळकपणे' पुढे आलेली पिस्तुली मूठ हे दुसरे. 'ठळकपणे' हे क्रियाविशेषण फौजदारी कायद्यात आणणे हे धाडसच म्हणावयाचे. ठळकपणा ही तरतमभावाची गोष्ट. तिला सीमारेषा नसते. ढीग केव्हा ढीग होतो हे जसे एकेका दाण्याने सांगता येत नाही, तसे मूठ किती मिलिमीटरने ठळक होते हेही सांगता येत नाही.

कॅलिफोर्नियाने आपल्या राज्याच्या कायद्यात हेच क्रियाविशेषण ठेवले, त्यात अंगठा ओवण्याचे छिद्र असलेला दस्ताही घातला, आणि तेथे एका लक्षणानेही रायफल निषिद्ध होऊ लागली. नियम करणाऱ्यांना शेवटी वस्तूच्या आकाराचा नाद सोडून हाताकडे यावे लागले. त्या राज्याच्या नियमांत पिस्तुली मूठ म्हणजे अशी पकड, जीत गोळी उडविताना अंगठा व तर्जनी यांमधील बेचके चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली ठेवता येते. 'दस्त' म्हणजे हात, हा फारसी शब्दातील अर्थ येथे पुन्हा अवतरला. व्याख्या हाताकडे गेल्यावर कारखानदारांनीही हाताचाच विचार केला. अंगठा मुठीभोवती वळूच नये अशा रीतीने आडवी पट्टी घातलेले दस्ते बाजारात आले. ते धरण्यास गैरसोयीचे आहेत. परंतु ती गैरसोय हाच त्यांचा कायदेशीर गुण आहे. याखेरीज संघीय कायद्याचा एक निराळाच नियम आहे : परदेशी भागांपासून विशिष्ट प्रकारची अर्धस्वयंचलित रायफल जुळवावयाची तर नियमांत दिलेल्या वीस भागांपैकी दहापेक्षा अधिक आयात केलेले नसावेत. दस्ता हा त्या विसांपैकी एक; म्हणून देशी दस्ता बसविला की गणतीतला एक परदेशी भाग कमी होतो. येथे दस्त्याला आकारही नाही आणि हातही नाही, तो निव्वळ एक अंक आहे.

या साऱ्यावर कळस चढविला तो सरकत्या दस्त्याने. गोळी सुटल्यावर बसणाऱ्या धक्क्याने रायफल या दस्त्यात मागेपुढे सरकते आणि स्थिर ठेवलेल्या बोटावर चाप पुनःपुन्हा आपटतो. त्यामुळे अर्धस्वयंचलित रायफल स्वयंचलितासारख्या वेगाने उडते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे झालेल्या हत्याकांडात असे दस्ते वापरले गेले. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये संघीय खात्याने नियम करून त्यांना मशीनगनच्या व्याख्येत घातले. १४ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. १९३४ च्या व्याख्येप्रमाणे, 'चापाच्या एका क्रियेने' आपोआप एकाहून अधिक गोळ्या सोडते ती मशीनगन. बहुमताचे म्हणणे असे की, सरकता दस्ता असला तरी प्रत्येक गोळीस चाप नव्याने कार्य करतो; म्हणून ती मशीनगन नव्हे. अल्पमताचे म्हणणे असे की, माणसाने एकदाच चाप ओढण्याची कृती केली आणि त्यानंतर गोळ्या सुटत राहिल्या. म्हणून ती मशीनगनच. न्यायमूर्ती थॉमस यांच्या बहुमताच्या निर्णयपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृतीही दिल्या आहेत.

आकृतींनी हा वाद मिटण्यासारखा नव्हता, कारण तो षष्ठी विभक्तीचा वाद आहे. कृदन्त नामाबरोबर कर्ता आणि कर्म या दोहोंनाही षष्ठी येते, हे पाणिनीने सांगून ठेवले आहे. 'चापाची क्रिया' म्हणजे चाप जी करतो ती क्रिया, की चापावर जी केली जाते ती क्रिया? पहिला अर्थ घेतला तर चाप कर्ता, आणि त्याच्या हालचाली मोजाव्या लागतात. दुसरा घेतला तर चाप कर्म, आणि माणसाच्या कृती मोजाव्या लागतात. सहा न्यायमूर्तींनी कर्तरि षष्ठी घेतली आणि तिघांनी कर्मणि, असे आपण आपल्या परिभाषेत म्हणू शकतो. मला स्वतःला केवळ शब्दांवरून बहुमताचा अर्थ अधिक नैसर्गिक वाटतो, आणि अधिनियमाच्या हेतूवरून अल्पमताचा. म्हणजेच दोष विधिमंडळाच्या भाषेत आहे.

आपल्या अधिनियमाची व्याख्या या कसोटीवर कशी उतरते? 'दाब दिला असता' आणि 'दाब काढून घेईपर्यंत' या शब्दांत चाप निःसंशय कर्म आहे, तेव्हा षष्ठीचा घोळ नाही. मात्र सरकत्या दस्त्यात प्रत्येक गोळीनंतर चाप बोटापासून क्षणभर सुटतो. तेव्हा दाब निघाला असे म्हणावयाचे की काय, ही शंका आपल्याकडेही काढता येईल. ती निर्णायक ठरत नाही याचे कारण एवढेच की, ज्या अर्धस्वयंचलित रायफलीवर असा दस्ता बसावयाचा तीच मुळात परिशिष्टाने पहिल्या वर्गात अडविलेली आहे. व्याख्येला जेथे फट आहे तेथे यादी उभी आहे.

मग महाराष्ट्रातील माणूस दस्त्याची कायदेशीर निवड खरोखर करतो तरी कोठे? क्रीडा-नेमबाजीत. मावळाला लागूनच असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव केलेले, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. या रायफलींचे दस्ते पाहिले तर ओंडक्याची आठवणही होत नाही. गालाची पट्टी वरखाली होते, खांद्याकडील तबकडी मागेपुढे होते, आणि गुडघ्यावर बसून, पडून व उभे राहून नेम धरताना एकाच दस्त्याची तीन रूपे करता येतात. येथे बंधने आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची. दहा मीटरच्या एअर रायफलीचे वजन साडेपाच किलोग्रॅमहून अधिक नसावे, आणि तिला अंगठ्याचे छिद्र असलेला दस्ता चालत नाही. पन्नास मीटरच्या रायफलीस तोच चालतो. कॅलिफोर्नियात ज्या छिद्रामुळे मनुष्य गुन्हेगार ठरू शकतो, त्याच छिद्रामुळे येथे एका स्पर्धेतून बाद होतो आणि दुसरीत पात्र राहतो. छिद्र तेच, प्रत्येक नियमाने त्याला दिलेला अर्थ वेगळा.

परिभाषेविषयी एक सूचना करून थांबतो. खांद्याला टेकणाऱ्या संपूर्ण अवयवास 'दस्ता', त्याच्या खांद्याकडील टोकास पोलिसांत रूढ असलेला 'बट', आणि चापामागे तळहाताने धरावयाच्या स्वतंत्र भागास 'मूठ' असे तीन शब्द मराठी भाषांतरांत कटाक्षाने वेगळे ठेवावेत. 'कुंदा' हा शब्द ठासणीच्या व तोड्याच्या बंदुकींच्या वर्णनापुरता राखावा. अंगठ्याचे छिद्र असलेल्या दस्त्यास 'अंगठाछिद्री दस्ता' म्हणता येईल. कानाला तो गोड नाही, परंतु बालेवाडीच्या मैदानावर इंग्रजी शब्दच चालतो आणि तो निघून मराठी शब्द येईल अशी मला आशा नाही. शासकीय नियमपुस्तिकेत मात्र तो लिहावा लागेल, आणि तेथे त्याच्याऐवजी 'मूठ' लिहिली गेली तर अर्थ उलटा होईल.